आक्कांच्या गाण्यांना काठ

कचेरीत टायपिस्ट होते तेव्हा मला कुणी विचारलं असतं की जगात सगळ्यांत देखणी गोष्ट कोणती, तर मी बेधडक सांगितलं असतं, फुल्यांची चौकट. टाइपरायटरवर फुलीची कळ दाबत दाबत कागदाच्या चारी बाजूंनी मी कुंपण घालायचे आणि मधे साहेबांचं परिपत्रक बसवायचे. साहेब म्हणायचे, "बाई, पाणीकपातीचं परिपत्रक आहे, मुंजीची पत्रिका नाही." मला ते कौतुकच वाटायचं. इतकी ती बाई स्वतःवर खूश होती.

पुढे कॉम्प्युटर आला. मी त्यालाही टाइपरायटरच समजले, फक्त जरा गुबगुबीत. ओळ संपली की एंटर, शेजारी दुसरा रकाना हवा असला की स्पेसबारवर अंगठा ठेवून सरकत जायचं. नवीन लागलेल्या मुलींना मी हे शिकवलंसुद्धा, अगदी गुरूमाउलीच्या थाटात. बिचाऱ्या अजून सरकत असतील.

तर गेल्या वर्षी सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घरात नातीचं लग्न ठरलं आणि मी आक्कांना फोन केला. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीला दिलेली. आमच्या घरातलं कुठलंही लग्न असो, हळदीला कानडी गाणी आक्कांनीच म्हणायची. पूर्वी त्यांच्या मागे सूर धरायला सासूबाई, चुलत सासवा, शेजारणी असायच्या. आता सुनांपैकी एक माळशिरसची, एक पुण्याची. कानडी दोघींनाही येत नाही; मला समजतं, पण गाता येत नाही. मागच्या लग्नात आक्का एकट्या गात होत्या आणि बाकीच्या जणी त्यांचा व्हिडिओ काढत होत्या.

आक्का म्हणाल्या, "येईन की. जेवीन. पन गानार न्हाय."

"असं का हो?"

"माकडाचा खेळ हाय का त्यो? मी वरडायचं आन् तुमी बगायचं. मागनं सूर धरायला कोन न्हाय, मग गानं कसलं?"

आमच्या घरातलं हे शेवटचं लग्न. नातीनंतर लग्नाचं कुणी उरलेलं नाही. आक्का आत्ता गायल्या नाहीत, तर ती गाणी या घरातून गेलीच म्हणायची. मी म्हटलं, "सगळ्या जणी म्हणतील. मी पुस्तक काढते."

"तू?" आक्का म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं मला लागलं.

बेत सोपा होता. डावीकडे कानडी गाणं, पण आपल्या देवनागरीत. उजवीकडे ओळीसमोर ओळ मराठी अर्थ, म्हणजे आपण काय म्हणतोय ते म्हणणारीला कळेल. आणि पानाला चारी बाजूंनी काठ. माळशिरसची सून, म्हणजे नवरीची आई, म्हणाली, "आई, डीटीपीवाल्याकडे टाकू या ना."

"त्याला कानडी येतं का?"

"तुम्हाला तरी वर्ड येतं का?"

तोंडावर बोलते, म्हणून माझं तिच्याशी पटतं.

आक्का फोनवरून सांगायच्या, मी टाइप करायचे. सवयीप्रमाणे अंगठा स्पेसबारवर. पहिलं गाणं असं झकास उभं राहिलं की मी सुनेला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. तेवढ्यात आक्कांचा फोन. "अगं, मदली एक वळ ऱ्हायली की." मी ती ओळ मधे घातली आणि उजवीकडची सगळी मराठी बस चुकलेल्या वऱ्हाडासारखी वाटेल तिथे जाऊन उभी राहिली. सून ओट्याकडे परत गेली, पण तिची पाठ हसत होती.

मग मला 'कॉलम्स' सापडले. एक बटण दाबलं की पानाचे दोन उभे भाग. मला वाटलं, जिंकले. सगळं कानडी आधी ओतलं, त्याखाली सगळी मराठी, आणि दिलं दाबून. सून मोठ्यानं वाचायला लागली, कारण देवनागरीतले कानडी शब्द आता तिलाही वाचता येत होते. "नवरी अंगणात आली, उजेड पडला" या अर्थाची, मी तिला आधी समजावलेली ओळ डावीकडे, आणि तिच्यासमोर मराठीत छापलेलं, 'हिची जीभ मोजायला कासरा आणा.'

"आई, हे माझ्या मुलीविषयी आहे?"

"नाही गं, ते विहीणबाईंविषयी. दोन ओळी वर हवं होतं."

म्हणजे कॉलमचं काम असं, की डावीकडचा भाग काठोकाठ भरला की उरलेलं उजवीकडे सांडतं. वर्तमानपत्राला ते बरं. माझ्या गाण्याच्या ओळींनी मात्र एकमेकींचा हात सोडला होता. कानडीतलं शेपूट मराठीच्या डोक्यावर जाऊन बसलं, आणि अर्थ सगळे खाली घसरले.

दोन दिवस मी त्या पडद्याकडे बघत बसले. दोन ओळींनी शेजारी राहायचं तर दोघींना एका ओळीच्या खोल्यांत कोंडायला हवं, एवढं कळत होतं. खोल्या म्हणजे तक्ता. कचेरीत रजांचे तक्ते मी ढिगानं केले होते, पण गाणं तक्त्यात? करून पाहिलं. प्रत्येक ओळ आपापल्या समोरासमोरच्या दोन घरांत बसली, हलेना. मधे नवी ओळ घातली, तरी जोडी जोडीनंच खाली सरकली. फक्त दिसायला भयाण.

"हजेरीपट वाटतोय," सून म्हणाली. "आक्का, हजर."

मग मी तो सगळा तक्ता निवडला, बॉर्डरच्या छोट्या बाणावर गेले आणि 'नो बॉर्डर' दाबलं. रेघा गेल्या. खोल्या राहिल्या. भिंती नाहीशा होऊनही एकही ओळ जागची हलली नाही. मी खुर्चीतच टाळी वाजवली. ज्या बाईनं उभं आयुष्य चौकटी काढण्यात घालवलं, तिला रेघ पुसण्यात इतकं सुख मिळेल असं वाटलं नव्हतं. मधली तेवढी एक बारीक उभी रेघ परत आणली, दोन भाषांमधे उंबरा म्हणून.

पानाला काठ मात्र भरगच्च दिला, दुहेरी. झेरॉक्सच्या दुकानात पहिलं पान निघालं तर खालचा काठ गायब.

दुकानदार म्हणाला, "आजी, अगदी कडेला मशीन छापत नाही. बॉर्डर काढून टाका, लोक गाणी म्हणणार, बॉर्डर कोण बघतंय?"

"सोलापुरात दुकान टाकून बिनकाठाची चादर विकाल का? सरका जरा."

तो सरकला. मी त्याच्या खुर्चीत बसून काठाचं अंतर कागदाच्या कडेपासून न मोजता मजकुरापासून मोजायला लावलं. काठ चारी बाजूंनी आत सरकला आणि पुढचं पान पुरं निघालं. त्यानं ते पान उजेडात धरून पाहिलं. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाला. मी म्हटलं, "मलाही सकाळपर्यंत नव्हतं."

हळदीच्या दिवशी आक्का आल्या त्या तोंड मिटूनच. मी प्रत्येकीच्या हातात पुस्तक दिलं. आक्कांनी त्यांचं उलटसुलट करून पाहिलं, पदरानं चष्मा पुसला आणि हळूच पहिली ओळ उचलली. मागून आधी सुनेचा आवाज आला. मग पुण्याच्या सुनेचा, नवरीच्या मैत्रिणींचा, समोरच्या तेलुगू घरातल्या काकूंचा. उच्चार असे की दुधनीच्या म्हशी उठून गेल्या असत्या, पण म्हणत सगळ्या होत्या. आक्कांनी आवाज चढवला, बायकांनीही चढवला.

कासऱ्याची ओळ आली तेव्हा विहीणबाईंनी बोट ठेवून उजवीकडचा अर्थ वाचला. त्या म्हणाल्या, "मोजा खुशाल, पण त्याच कासऱ्यानं नवरीच्या आजीचीपण मोजायची. हे का नाही छापलं?"

सगळा मांडव हसला. आक्कांनी तिथल्या तिथे ते कानडीत बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवून गायलं, दोनदा.

गाऊन दमल्यावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "छलो आद," म्हणाल्या, म्हणजे छान आहे. मग म्हणाल्या, "आता डोहाळजेवनाची गानी धर. लई हायत."

नात हळदीच्या तोंडानं किंचाळली, "आत्याआजी, अजून लग्न तरी होऊ द्या."

"तू तुजं बग," आक्का म्हणाल्या. "हिला छापायला येळ लागतो."