काळुरामच्या डोळ्यांची दृष्ट

गडब गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी, काळुराम मिठागरात राबायचा. माणूस साधा, पण गावानं त्याला एक पदवी चिकटवलेली : याची नजर लागते. तो बघून गेला की म्हैस दूध चोरते, नव्या मोटरसायकलचा टायर बसतो. मग लोक मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकत. त्यातलं मीठ काळुरामनंच ओढलेलं, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात येत नसे.

पेणच्या बाजारात मी नेत्रदानाचं टेबल मांडून बसलो होतो, तिथं तो आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्मा लावलेला. चालेल का म्हणाला. मी म्हटलं, चालतं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा धड असला की झालं. तेव्हा टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "माजे डोल्यांनी कुनाचं तरी बरं झालं, म्हंजे तरी गाव गप बसंल."

पुढं तो वारला, तेव्हा त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, लगेच मला फोन केला. मी फोनवरच सांगितलं : पंखा बंद करा, पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. सहा तासांच्या आत काम व्हायला हवं होतं. नेत्रपेढीला कळवून मी निघालो.

पोचतो तर घरातून धूर. शेजारची काशीबाई, आपल्या भोपळ्याच्या वेलाला काळुरामची नजर लागते म्हणून त्याच्याशी जन्माची भांडलेली, लोखंडी पाटीभर निखाऱ्यांवर मिरच्या टाकून त्याच्यावरून ओवाळत होती. म्हणे, डोळे परक्याच्या घरी द्यायचे तर दृष्ट काढून द्यावेत. एक काळुराम सोडला तर सगळे खोकत होते. माझं डोकं फिरलं. पाटी उचलून अंगणात भिरकावणार, तेवढ्यात धोंडुबाईनं माझा हात धरला.

"ऱ्हावू दे, भाऊ. आजवर गावानं ह्यांचीच दृष्ट काढली, पन दुसऱ्यावरनं. ह्यांच्यावरनं आज पयल्यांदा कोन ओवालतंय."

मी पाटीवरचा हात काढला. मात्र उरलेलं ओवाळणं दाराबाहेरून करायला लावलं.

डॉक्टर आले. काळुरामनं हयातीत फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची संमती लागते. धोंडुबाईनं अंगठा दिला. अर्ध्या तासात पडदे काढून झाले, रक्ताचा नमुना घेतला, चेहरा होता तसाच. मिरच्यांच्या धुरानं डॉक्टरांच्या डोळ्यांना धार लागलेली. गावात बोभाटा झाला, शहरातला डॉक्टर आपल्या काळुरामसाठी ढसाढसा रडला. मी खुलासा केला नाही.

पुढं निरोप आला : दोघांना दिसू लागलं. नावं सांगत नाहीत. धोंडुबाईनं ही बातमी घरोघर जाऊन सांगितली.

आणि काशीबाईचा वेल वाळला. धोंडुबाई पदर खोचून तिच्या दारात गेली. आता बोल, म्हणाली, आता कुनाची नजर लागली?

"त्यो गेला गो," काशीबाई म्हणाली. "डोलं कुटं गेलं? ते बगतान अजून."

धोंडुबाई भांडण विसरली. "व्हय," म्हणाली. "बगतान."

घरी आली आणि आपल्या परसातला थोरला भोपळा काशीबाईला देऊन आली. काशीबाईनं आधी त्याची दृष्ट काढली, मगच चिरला.