दारं अडायला लागली तेव्हा

सावळीकडे मी पहिल्यांदा गेलो तो तिच्या सासूची बोली टेप करायला. मी शहापूरला कॉलेजात मराठी शिकवतो. मुरबाडच्या पूर्वेला कड्याखाली जे पाडे आहेत, त्यांच्या घरगुती बोलीवर माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. जांभूळखोंडा त्यातलाच एक, एकोणीस घरांचा. जानेवारीतली म्हसा गावची जत्रा उरकली की मी मोटरसायकल काढायचो, खाली नाल्याशी लावायचो आणि अर्धा तास चढायचो.

तिथे पोचल्यावर कळलं की मी काही पहिला नव्हे. सावळीच्या ओट्यावर माझ्याआधी एक झाडवाली मॅडम बसून गेली होती, एक पाणीवाला मुलगा येत होता आणि माझ्यामागून अपेक्षा नावाची वाशिंदची एक मुलगी आली. बायका दिवसभरात काय काय कामं करतात, यावर ती समाजशास्त्राचा अभ्यास करत होती. मी आपसूकच 'भाषेवाले सर' झालो. सगळे सावळीकडेच उतरत, कारण तिला प्रश्नांचा कंटाळा नव्हता. चौथी शिकलेली, चाळिशीची, उंच, काटक बाई. नवरा शाम वाशिंदला कारखान्यात, शनिवारी घरी यायचा. सावळी ज्याच्यासोबत जाईल त्याचं काम तिच्या डोक्यात राहायचं.

"कोनी काय इचारला ता मना झोपंतपन सांगता येल," ती म्हणायची.

आमच्यापैकी कुणी एकमेकांना ओळखत नव्हतं. आमचे विभाग वेगळे, विद्यापीठंही वेगळी. आम्हा सगळ्यांना ओळखणारी एकटी तीच.

झाडवाल्या मॅडमनी पाड्याच्या वरच्या उतारावर शंभर झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकले होते. दरवर्षी त्या झाडांचे घेर आणि मधली अंतरं मोजत. टेपचं एक टोक सावळीच्या हातात असे. चौथ्या वर्षी एका ऐनाच्या आणि एका हेदीच्या झाडामधलं अंतर पहिल्यापेक्षा वीतभर जास्त भरलं. मॅडम वैतागल्या.

"टेप नीट धर ग."

"ताणूनच धरलाय, मॅडम."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच. मॅडमनी मोजमापात चूक असं लिहून ती जोडी वहीतून खोडली. हे मला सावळीनेच सांगितलं, हसत हसत.

पाणीवाला मुलगा पाड्याच्या वरचा झरा मोजायचा. होळीपर्यंत वाहणारा तो झरा एका वर्षी दिवाळीतच बंद झाला. त्याच महिन्यात खाली कोंडूच्या गोठ्यामागे जमिनीतून तांबडं, गढूळ पाणी पाझरायला लागलं. कोंडू म्हणजे शामचा थोरला भाऊ, पाड्यातला कर्ता माणूस. तो खूश झाला. पाणी दाराशी आलं होतं. पाणीवाल्या मुलाने तारीख लिहिली, आपलं मापाचं भांडं उचललं आणि गोठ्यामागे नेऊन ठेवलं.

आणि मी? मी सावळीच्या सासूसमोर, बुधी आजीसमोर, टेप लावून बसत होतो. आजी एक गोष्ट सांगायची. डोंगराला तहान लागली. तो उठला, पाणी प्यायला ओढ्यावर गेला. वाटेत सात घरं होती, ती त्याच्या पायाखाली गेली. पाणी प्याला आणि तिथेच बसला. ओढ्याकाठी धोंड्यांचा मोठा उंचवटा होता, त्यावर पाड्याची नाचणी होत असे. तोच तो बसलेला डोंगर, असं आजी म्हणायची.

"सर, खरा झाला आसंल का ओ?" सावळीने विचारलं होतं.

"अशा गोष्टी सगळीकडे असतात," मी म्हणालो. मला त्या गोष्टीतले क्रियापदांचे प्रत्यय हवे होते. माझ्या प्रबंधात ती गोष्ट भूतकाळाच्या प्रकरणात उदाहरण म्हणून छापलेली आहे. पुढच्याच वर्षी आजी गेली.

त्यानंतरच्या श्रावणात आठ दिवस झड लागलेली असताना, एका गुरुवारी सकाळी सावळीचा फोन आला. पाड्यात फक्त खालच्या बांधावर रेंज यायची, म्हणजे ती भर पावसात तिथे उभी होती.

"सर, तुमच्या टेपात आयसची ती गोष्ट हाय ना? डोंगर पानी प्यायला गेला ती? तो उठायच्या आदी काय झाला ता आयस सांगत होती. मना सगला आठवत नाय. ऐकवा ना."

"आत्ताच? काय झालं?"

"माजा दार सकालपासून आडलाय. खांदा लावून उघडला."

पावसात लाकूड फुगतं, मी म्हणालो. ती म्हणाली, चौकट तिरकी झालीय, फुगलेली नाही. आणि तिला अपेक्षा आठवली होती. मागच्या उन्हाळ्यात अपेक्षा घरोघर विचारत होती की काल काय काम केलं, आणि सात-आठ बायकांनी सांगितलं होतं, कोयत्याने दार तासलं. अपेक्षाने ते बायकांच्या अंगावर पडणाऱ्या घरदुरुस्तीच्या कामांत लिहून घेतलं होतं.

"भर उन्हाल्यात लाकूड कसा फुगंल, सर?"

मी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडला, ती फाइल शोधली आणि फोन स्पीकरशी धरला. बुधी आजीचा आवाज आला. खोकला, मग: "आदी वरला झरा खाली पलाला. मंग दारां रुसली. मंग..." आणि तिथे माझा स्वच्छ, शिकलेला आवाज: "आजी, 'पळाला' पुन्हा एकदा म्हणा ना."

आजीने 'पलाला' दोनदा म्हटलं होतं. मग ती विसरली होती आणि एकदम डोंगर उठल्यावर गेली होती.

"मंग काय?" सावळीने विचारलं.

"पुढचं नाही. मी मधे बोललो."

मग ती म्हणाली, "झाडवाल्या मॅडमला इचारा, ती खोडलेली जोडी खरी कंची होती."

मॅडमचा नंबर मी तिच्याकडूनच घेतला. मॅडमनी आधी ओळखच दिली नाही. मग वही काढली. त्या जोडीच्या आसपासच्या आणखी तीन जोड्या त्यांनी तशाच खोडल्या होत्या. चारही जोड्या नकाशावर एका ओळीत येत होत्या, पाड्याच्या बरोबर वर. मॅडम म्हणाल्या, हा माझा विषय नाही, पण भूशास्त्रातल्या कुणालातरी विचारते. त्यांनी विचारलं. पाऊस उघडला की येऊन बघतो, न बघता काही सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. ते चुकीचंही नव्हतं. इतक्या वर्षांत इतकी माणसं त्या पाड्यावर आली, पण जमीन बघणारा एकही आला नव्हता.

सावळी थांबली नाही. त्या दिवशी ती एकोणीसही घरांत गेली आणि आम्ही विचारायचो तसंच विचारत गेली.

"तुजा दार कवापासून आडतंय गो?"

वरच्या रांगेतल्या अकराही घरांची दारं अडत होती. खालच्या रांगेतलं एकही नाही. बायकांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. दार तासणाऱ्या त्याच होत्या. कोंडूची बायको चंद्रकला हिने तर तिसऱ्यांदा तासलं होतं.

कोंडू मात्र चिडला. "एवढी शिकलेली मान्सा येतात, त्यातला कोन काय बोलला नाय. नि तू बोलतंस?"

"दादा, त्यांना एकेक ठावा हाय. मना सगल्यांचा ठावा हाय."

"माजा घर शिमिटाचा हाय, कुडाचा नाय. मी जायाचा नाय."

नाल्यापलीकडे माळावर पट कमी म्हणून बंद पडलेली दोन खोल्यांची शाळा होती. शुक्रवारी दुपारपर्यंत बायका पोरं, म्हातारी माणसं, शेळ्या आणि भांडी घेऊन तिथे गेल्या. पुरुष रात्री कुरकुरत मागोमाग आले. चंद्रकलाही आली, एकटी. शनिवारी शाम आला. शनिवारी काहीच झालं नाही. पाऊससुद्धा कमी झाला.

रविवारी सुट्टी होती म्हणून मी गेलो. शाळेच्या पडवीत वातावरण बदललं होतं. माणसं सावळीकडे बघत नव्हती. चूल ओली, पोरं किरकिरी, चारा संपलेला. कोंडू सकाळी येऊन सगळ्यांसमोर हसून गेला होता. दोघी-तिघी सामान बांधायला लागल्या.

"आजचा दिस थांबा," सावळी म्हणाली. "उद्या मी माज्या डोक्यावर सामान नेईन."

"डोंगर काय तुला सांगून येनार हाय का?" कुणीतरी म्हणालं.

सावळी मला हळूच म्हणाली, "सर, माजाच चुकला आसंल तर बरा."

चंद्रकलाने दुपारची भाकरी फडक्यात बांधली. ती नवऱ्याला न्यायला निघाली तेव्हा सावळी तिच्या आडवी उभी राहिली. "वयनी, मी त्यांना हाका मारते. ते येतील नाल्यावर. तू वर जाव नको." शाम आणि सावळी नाल्याच्या काठावर गेले. मीही गेलो. पलीकडे कोंडू दोन्ही बैल सोडून घेऊन येताना दिसला. शेवटी तो निघाला होता की नुसता चारायला नेत होता, हे कुणालाच ठाऊक नाही. शामने दोन्ही हात वर करून हाक मारली. कोंडूने हात वर केला.

आधी वास आला, ओल्या मातीचा आणि चेंगरलेल्या पाल्याचा. मग वरची झाडं चालू लागली. उभीच, बिल्ल्यांसकट. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि अजून मला त्यासाठी शब्द सापडलेला नाही. आवाज त्यानंतर आला आणि बराच वेळ थांबला नाही. थांबला तेव्हा वरच्या रांगेच्या जागी तांबडा उतार होता. खालच्या रांगेतली तीन घरं उभी होती. कोंडू आणि बैल कुठेच नव्हते.

तो सापडला नाही. बाकी सगळे, लहानमोठी त्र्याऐंशी माणसं, शाळेत होती.

आता जांभूळखोंड्याचे लोक माळावर पत्र्याच्या घरांत राहतात. चंद्रकला सावळीशी बोलत नाही. तिचं म्हणणं असं की आपण भाकरी घेऊन गेलो असतो तर तो आपल्यासोबत खाली उतरला असता, अर्धा तास आधी. सावळी यावर वाद घालत नाही. "तशा पन झाला आसता," एवढंच म्हणते.

संशोधक वाढले आहेत. दगड बघणारे आले, कोसळलेल्या गावांचा अभ्यास करणारे आले, माणसांच्या मनावरचा घाव मोजणारे आले. सावळी सगळ्यांना नेते, पण आता तिची एक अट आहे. संध्याकाळी प्रत्येकाने पडवीत बसून दिवसभरात काय पाहिलं ते सगळ्यांना सांगायचं, आपल्या विषयातलं असो नसो. विद्यार्थी लाजतात. एकमेकांचं ऐकायची त्यांना सवय नसते.

गेल्या मार्गशीर्षात मी तिथे होतो. पक्ष्यांवर काम करणारा एक मुलगा म्हणाला की पलीकडच्या खोऱ्यातल्या कड्यावर घरटी करणारे पक्षी यंदा आलेच नाहीत. लग्नाच्या चालीरीतींवर काम करणारी एक मुलगी म्हणाली की त्याच खोऱ्यातल्या एका पाड्याने मांडवाची नेहमीची जागा बदलली. खांब पुरायला खड्डा खणला की त्यात पाणी भरतं. दोघांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मुलीने वही मिटली.

सावळीने तिचा हात धरला. "त्या पाड्याचा नाव काय बोललीस, गो?"