पथ्याचा पाहुणा

मलकापूर यायला अजून बराच वेळ होता, तरी मी वळकटी बांधून डब्याच्या दाराशी उभा होतो. समोरच्या बाकावरचे गृहस्थ दोनदा म्हणाले, बसा हो मास्तर, स्टेशन काही पळून जात नाही. पण मला बसवत नव्हतं. माझ्या पायाला आधीच भिंगरी, त्यात मे महिन्याचं ऊन, आणि त्यात घशाला पडणारी ही नवी कोरड. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं मागे जात होती. बांधावर पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग रचलेले होते. मी फिरकीच्या तांब्यातलं पाणी संपवलं आणि पुन्हा उभा राहिलो.

शाळेला सुट्टी लागली त्याच आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरांनी मला मधुमेह असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टर म्हातारे आणि बोलके. त्यांनी टेबलाच्या खणातून गव्हाचा एक दाणा काढला आणि मलाच शाळा शिकवली. दाण्याचं वरचं साल म्हणजे कोंडा, टोकाला अंकुर, आणि बाकी सगळं पांढरं पीठ. गिरणी आणि चाळणी मिळून पहिले दोन काढून टाकतात आणि आपण हौसेनं तिसरं खातो. ते पोटात गेलं की झटकन साखर होते. कोंड्यासकट खाल्लं तर तीच साखर सावकाश रक्तात उतरते. तांदूळही तसाच, जितका सडलेला तितका पोकळ. तेव्हा पांढरा भात बंद, मैदा बंद, गोड बंद. पीठ चाळायचं नाही. ज्वारीची भाकरी खा, पण तीही मोजकीच, कारण भाकरीतही शेवटी पीठच असतं. जाता जाता म्हणाले, "भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हणतात ना? तुम्हाला आता भूक नसली तरी कोंडा."

घरी बायको माझ्या ताटावर नजर ठेवून बसू लागली. पोळीचा तुकडा मोडला की तिची मान वर. चार दिवसांत मी कंटाळलो. आमच्या शाळेत शास्त्र शिकवणारा उत्तम इंगळे दर सुट्टीत, सर, एकदा आमच्या गावाला या, म्हणायचा. सुट्टी लागताच तो गावी निघून गेला होता, त्यामुळे माझ्या दुखण्याची त्याला काही वार्ता नव्हती. मी त्याला येतो म्हणून कळवलं आणि निघालो. बायकोला म्हटलं, ज्वारीच्या मुलखात चाललोय, भाकरीला काय तोटा!

पहिला मुक्काम मलकापुरात मावसभावाकडे होता. त्याचा सरकीचा व्यापार. घरात शिरलो तर अंगणातच पोरीबाळी पुऱ्या लाटत होत्या, आणि आत भाताचा वास. जेवायला बसल्यावर मी हळूच भाकरी मागितली. वहिनींनी भावाकडे पाहिलं, भावानं माझ्याकडे.

"भाकर आमी घरात खातो बे," तो म्हणाला. "पाहुण्याले भाकर वाढत नसते. शेजारी काय म्हनतीन? याले गहू भेटत नाही का?"

त्या वर्षी रेशनवर परदेशी लाल मिलो (ज्वारीसारखं एक धान्य) यायचा आणि लोक नाक मुरडत तो खायचे. अशा दिवसांत पाहुण्यापुढे पांढरं अन्न ठेवणं म्हणजे घराची इभ्रत राखणं, हे मला तिथे कळलं. मी दुखणं सांगितलं. मग भावानं मला भाकरी तर दिलीच नाही, वर एकच पुरी खा म्हणून समजूत घातली. एकीच्या तीन झाल्या. संध्याकाळी पाय जळजळायला लागले, तसा मी बाजारभर भटकलो. हॉटेलात पाव, नानकटाई, शेव, पांढरा भात. ज्वारीची पोती मात्र दुकानादुकानांपुढे रचलेली. दाण्यांच्या राशीत हात घालून उभा राहिलो, तेव्हा दुकानदारानं मला गिऱ्हाईक समजून भाव सांगायला सुरुवात केली. मी तिथूनही सटकलो.

सकाळच्या एस.टी.नं मोताळ्यावरून रोहिणखेडला उतरलो. उत्तम उभाच होता. त्यानं आधी तिथली जुनी मशीद दाखवली. काळ्या दगडाचं घडीव काम, आत गार सावली. कुणीही शांतपणे तासभर बसावं अशी जागा. मी कमानीखालून एक चक्कर मारली आणि पुढे चला म्हणालो. उत्तम हसला. वर्गातही तुम्ही असेच फिरत शिकवता, म्हणाला. त्याचं गाव तिथून कोसभर. पाऊलवाटेनं जाताना तो सांगत होता की माय कालपासून स्वयंपाकाला लागली आहे. त्याचं घर बौद्धवस्तीत. पुण्याहून मास्तर जेवायला येणार हे तिनं साऱ्या आळीला सांगितलं होतं. माझ्या आडनावावरून माझी जात कुणालाही कळते, त्यामुळे आळीलाही त्यात रस होता. मी दुखण्याची गोष्ट त्याच वाटेवर काढायला हवी होती, पण ऊन इतकं होतं की मला पाण्याखेरीज काही सुचत नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, शेणानं ताजं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. उत्तमची आई बारीक चणीची, डोक्यावरचा पदर सावरत लगबगीनं वावरणारी. पाणी दिल्यावर तिनं मला पाटावर बसवलं आणि ताट आणलं. मोकळा पांढराशुभ्र भात, साजूक तुपाचा शिरा, घट्ट वरण, आणि पोळ्या. इतक्या पातळ आणि गोऱ्या पोळ्या मी पुण्यातही पाहिल्या नव्हत्या. उत्तम अभिमानानं म्हणाला, मायनं पीठ चाळलं आणि मग धुवट लुगड्यातून वस्त्रगाळ केलं. दारात दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी ताटाकडे पाहिलं. इकडे आड, तिकडे विहीर. काल एका पुरीच्या तीन झाल्या आणि पाय जळले; आज यातलं काय काय खाणार? मी सरळ सांगून टाकलं, "आई, मला पथ्य आहे. भात, गोड आणि इतकं बारीक पीठ मला चालत नाही."

तिच्या हातातली तुपाची वाटी तिथेच थांबली. उत्तमनं मान खाली घातली. दारातल्या शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं. आई आवाज न चढवता बोलली.

"मागं बी एक मास्तर आले होते, त्याइले पथ्य होतं. पंच आले, त्याइले पथ्य होतं. आमच्या घरी आलं का लोकाइले पथ्य लागते भाऊ, अन् घरी गेलं का बरे होते."

मी डॉक्टरांचं नाव घेतलं, मधुमेह म्हणजे काय ते सांगू लागलो, आणि माझंच मला जाणवलं की मी जितकं जास्त बोलतोय तितकं ते खोटं वाटतंय. खोटं बोलणाऱ्यांनी हे निमित्त इतकं वापरलं होतं की खऱ्याला जागाच उरली नव्हती. मी विचारलं, तुम्ही काय खाता? तेच मला द्या.

"ते तुमाले काऊन?" ती म्हणाली. "लोकाच्या दारची कोंड्याची भाकर म्या लई खाल्ली. माह्या दारात आलेल्याले ते नाही वाढनार."

आता मला एक क्षणही बसवेना. मी उठलो. भरल्या ताटावरून उठलो, आणि उठल्यावर कळलं की आपण काय केलं. उत्तम अर्धवट उभा राहिला. आईनं पदर तोंडाला लावला. मी दाराकडे न जाता चुलीकडे वळलो, तिथे शिंक्याला टोपली होती. तिच्यावरचं फडकं काढलं. आत कळण्याची (ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची) अर्धी भाकरी होती, जाड, काळपट, तव्याचे डाग पडलेली. ती घेऊन मी पुन्हा पाटावर येऊन बसलो आणि वरणात बुडवून खायला लागलो.

"ती उष्टी हाय भाऊ," ती घाईनं म्हणाली. "सकायी म्या खाल्ली त्यातली."

"असू द्या," मी म्हटलं. "हेच माझं पथ्य."

भाकरी शिळी होती आणि चावायला वेळ लागत होता. बऱ्याच दिवसांनी माझा जीव एका जागी बसला. आई पाहत राहिली. मग उत्तमनं मधुमेहाचं सगळं तिला तिच्या बोलीत समजावलं: कोंडा काय करतो, पांढरं पीठ काय करतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे जे आमाले गरिबीनं देल्लं, ते तुमाले डॉक्टर देते."

मी हसलो, पण ती हसली नाही. तिचं खरं होतं. माझ्यासाठी कोंडा हा औषधाचा भाग होता. तिच्यासाठी तो म्हणजे दुसऱ्याच्या दारात ताटकळत उभं राहणं होतं, आणि चाळणी घेणं म्हणजे त्या दारातून कायमचं बाहेर पडणं. डॉक्टरांच्या दाण्यात हे कुठेच नव्हतं.

मग तिनं माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि समोर बसून पोळी मोडली. उत्तमनं नंतर सांगितलं की पाहुण्यासाठी केलेल्या पोळ्या ती कधीच खात नाही, उरलेल्या सगळ्या आळीत वाटते. तिनं दोन घास खाल्ले, थोडा विचार केला, आणि म्हणाली की चांगली आहे, पण दाताला काही सापडत नाही. शेजारणी आत येऊन बसल्या. शिऱ्याचा एक चमचा मीही खाल्ला. तिनं तो मोजून दिला आणि दुसरा दिला नाही.

सकाळी निघताना तिनं न चाळलेल्या पिठाच्या ताज्या भाकरी बांधून दिल्या. बजावून सांगितलं, "शिळी वाढली म्हनून पुन्यात सांगू नका. या ताज्या हायेत."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होतो, हे सांगितलं तर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसणार नाही. पुण्यात आल्यावर बायकोला म्हटलं, आजपासून माझं पीठ चाळायचं नाही. ती म्हणाली, ठीक, पण पाहुणे आले तर? आम्ही दोघं चाळणी हातात धरून उभे राहिलो.

जूनमध्ये शाळा उघडली आणि उत्तम आला. माय आता दोन्ही करून ठेवते, म्हणाला, पांढरंही आणि कोंड्याचंही. मागच्या आठवड्यात मोठ्या आळीतले एक गृहस्थ बैलाच्या सौद्याला घरी आले. जेवायची वेळ झाली तशी त्यांना पथ्य आठवलं. मायनं शांतपणे विचारलं, कोणतं पथ्य? बारीक चालत नाही, तर जाड आहे. गोड चालत नाही, तर ठेचा आहे. तिखट चालत नसलं तर बिनमिठाचं वरण आहे. एकेक सांगत गेली आणि ते एकेकाला नाही म्हणत गेले.

मी अधीर होऊन विचारलं, मग जेवले का?

"नाही सर. उठून गेले," उत्तम म्हणाला. "पण माय खूश होती. म्हने, बरं झालं, आज पथ्याचं निमित्त नव्हतं त्याच्यापाशी. जे होतं ते समद्याइनं पायलं."

घंटा झाली. उत्तम वर्गावर गेला आणि मी बराच वेळ शिक्षकांच्या खोलीत बसून राहिलो. मला तिचा अभिमान वाटत होता आणि लाजही वाटत होती. इतकी वर्षं माझ्यासारख्यांनी कितीतरी घरांतून पथ्य सांगून पाय काढला असेल. आता निदान मला खरोखरचं पथ्य आहे, आणि ते सांगताना मी समोरच्याला नेमकं काय चालतं तेही आधी सांगतो. मग वाढणाऱ्याला वाढता येतं, आणि मला उठता येत नाही.