व्हॅनमधला कॉम्प्युटर आणि बुजरी घोडी

ती घटना आठवली की अजूनही माझा उजवा हात नकळत खिशात जातो. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, एक-दोन खूनही तपासले. पण जुन्नर-आंबेगावकडचं कुणी भेटलं की विचारतं ते याच केसबद्दल. मीही रंगवून सांगत आलो. दोन गोष्टी तेवढ्या दर वेळी गाळल्या. आता मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसलोय. वर्दी नाही, वरिष्ठ नाहीत. त्यामुळे या वेळी न गाळता लिहितो. नावं मात्र कुणाचीच देणार नाही. माणसं हयात आहेत.

दोन हजार सालानंतरचा काळ. मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. उन्हाळ्यात गावोगाव यात्रा, आणि यात्रा म्हटली की बैलगाडा शर्यत. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे सगळे गाडे एकदम सुटत नाहीत. चढाची एक लांब पट्टी असते, तिला घाट म्हणतात. एकेक गाडा खालून सुटतो. सगळ्यांत पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार, तिच्या मागे बैलांच्या दोन जोड्या, शेवटी गाडा. वरच्या निशाणाला पहिला बैल लागेपर्यंत किती वेळ गेला, त्यावर निकाल. म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा, आणि सगळी भांडणंही घड्याळाचीच. तीन पंच, तीन स्टॉपवॉच, तिघांचे आकडे वेगळे. शर्यतीच्या बंदोबस्ताला जाताना आम्ही काठ्या मोजून नेत असू.

यावर तोड काढली एका मास्तराने. नारायणगावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, राहायला शेजारीच वारूळवाडीत. तिशीचा, फुलाफुलांचे शर्ट, तोंड कधी बंद नाही. त्याने एक जुनी व्हॅन घेतली, मागचं सीट काढलं आणि तिच्यात स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर बसवला. घाटावर वीज कुठली? म्हणून इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी आतले भाग खिळखिळे होतात, म्हणून कॅबिनेट लाकडी खोक्यात आणि खोकं हवा भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्यूबवर. धूळ जाऊ नये म्हणून पंख्यावर नायलॉनच्या साडीचा पदर ताणलेला. सुटायच्या जागी आणि निशाणाशी एका बाजूला दिवा, समोर प्रकाश ओळखणारा डोळा. उन्हाने डोळा फसू नये म्हणून तो ठिबकच्या काळ्या पाइपात बसवलेला. बैलाने प्रकाश अडवला की कॉम्प्युटर वेळ धरणार. यात्रा कमिटीने त्याला एकच अट घातली होती: कुठल्याही गाडामालकाच्या दारचा चहासुद्धा घ्यायचा नाही.

त्या वर्षी निमगाव सावाच्या बाजूच्या एका गावात पहिल्यांदाच ही व्हॅन घाटावर उभी राहिली. पहिल्या दिवशी निवडीच्या फेऱ्या, दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम फेरी. निवडीत शेजारच्या गावच्या एका पहिलवानाचा गाडा केसाएवढ्या फरकाने बाहेर गेला. पहिलवान म्हणजे एके काळचा नावाजलेला कुस्तीगीर, मागे शे-दोनशे पोरं. तो सरळ ठाण्यात आला.

"साहेब, माझा गाडा डोळ्यांदेखत पुढं व्हता. त्या डबड्यानं मागं टाकला. फसवणुकीची तक्रार घ्या. न्हाईतर उद्या घाटावर काय व्हईल ते मी सांगू शकत नाय."

तो गेला आणि थोड्या वेळाने निनावी फोन आला. आवाज दाबलेला. "व्हॅनमधली ट्यूब बघा. कुणाचं नाव हाय ते बघा." फोन बंद.

मी ठाण्यातल्या एका वयस्क हवालदारांना घेऊन घाटावर गेलो, खोकं उचलून ट्यूब बाहेर काढली. पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं होतं, एका द्राक्ष बागाईतदाराचं. याच बागाईतदाराचा गाडा त्या दिवशी पहिला आला होता. मला एवढं पुरे झालं. व्हॅन तिथेच एका होमगार्डच्या हवाली केली आणि मास्तराला ठाण्यात आणलं.

"ट्यूब कुठून आणली?"

"बाजारातून, साहेब."

खोटं बोलणारा माणूस डोळे चुकवतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. खोटं बोलताना माणूस जरा जास्तच रोखून बघतो. मास्तर रोखून बघत होता.

"बाजारात नाव घालून देतात?"

मग त्याची टकळी सुरू झाली. "साहेब, कॉम्प्युटरला बैल वळखू येत नाय. मालक तर त्याहून नाय. तो लबाडी करणार कुणासाठी? तुमी उगं..."

इथे पहिली गाळलेली गोष्ट येते. मी त्याच्या कानाखाली मारली. जोरात. नेहमी सांगताना मी म्हणायचो, "जरा दरडावलं." दरडावलं नव्हतं. मारलं होतं. शिवाय त्याला ठाण्यात आणल्याची नोंद मी स्टेशन डायरीला घेतली नव्हती.

तो खाली बसला आणि बोलला. आदल्या आठवड्यात खोक्याखाली घालायला ट्यूब मिळेना, बागाईतदाराच्या गोठ्यात जुनी पडलेली दिसली, मागून आणली. चहा नको म्हणणाऱ्या कमिटीला ट्यूब कशी सांगायची, म्हणून लपवली. "चहा तर मी घेतलाच नाय," हेही त्याने वर सांगितलं.

मला वाटलं, केस फुटली. ट्यूब दिली, त्याबदल्यात निकाल घेतला. पडताळणी न करता मी पहिलवानाला फोन केला आणि म्हणालो, "सापडला तुमचा चोर." तपास चालू असताना अधिकाऱ्याने तक्रारदाराशी असं बोलायचं नसतं, हे मला शिकवायला कुणाची गरज नव्हती. शाबासकीची घाई झाली होती.

त्या एका वाक्याने काय केलं ते सकाळी पाहिलं. संध्याकाळीच पहिलवानाची पोरं घाटावर गेली होती. होमगार्ड एकटा. व्हॅनच्या काचा फुटलेल्या, खोकं बाहेर ओढून दगडांनी ठेचलेलं, मॉनिटर चक्काचूर. खांबांवरचे दिवे आणि पाइप तेवढे वाचले होते, कारण ते कॉम्प्युटरचे आहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुपारी अंतिम फेरी. बागाईतदाराच्या गावाने निरोप धाडला होता: आमच्या नावाला बट्टा लावला, आता समोरासमोर बघू. दोन्हीकडच्या ट्रॅक्टर ट्रॉल्यांत गवताखाली काठ्या आहेत हे मला बघायची गरज नव्हती. आणि ठाण्यात बसलेल्या मास्तराचं तर दोन्ही गावांत तोंड काळं झालं होतं.

मी पंचनामा करत होतो. बाजूला पहिलवानाचा घोडीस्वार घोडीला फिरवत होता. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. घोडी निशाणाजवळच्या खांबाकडे आली की मान झटकून आडवी व्हायची.

"हिला काय झालं?" मी सहज विचारलं.

"त्यो काळा पाइप बघून बुजती, साहेब. काल बी ऐन निशाणापाशी फुटली आन् खांबाच्या भायेरनं निघाली. मी लई वढली, पर ऐकते व्हय!"

मी ते ऐकलं आणि विसरलोही. ठाण्यात आल्यावर मास्तरापुढे चहा ठेवला. तो अजून गाल धरून बसला होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पहिलवानाची घोडी तुझ्या पाइपाला भिते. काल निशाणाच्या आतून गेलीच नाही."

त्याने कप खाली ठेवला.

"गेलीच नाय?"

"बाहेरून गेली."

"साहेब!" तो उभाच राहिला. "मेलो मी! आवो, घोडी बैलांच्या पुढं असती. प्रकाश पहिल्यांदा तीच तोडती. म्हणून मी प्रोग्रामला सांगितलंय, पहिली अडवणूक सोडून दे, दुसरी धर. घोडी आलीच नाय तर त्यानं काय केलं? पुढच्या जोडीला घोडी समजून सोडलं आन् मागच्या जोडीला धरलं! पहिलवान खरा बोलत व्हता. गाडा पुढंच व्हता त्याचा!"

माझ्या हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हंजे साहेब, चोर कोण?"

चोर कुणीच नव्हता. फसवणूक नव्हती, लाच नव्हती. एक बुजरी घोडी होती, आणि घोडी सरळच जाणार असं धरून चाललेला एक मास्तर. पण हे घाटावर जाऊन तोंडी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं? दाखवायला हवं होतं, आणि दाखवायला यंत्र नव्हतं.

"प्रोग्राम क्लासमधी सीडीवर हाय," मास्तर म्हणाला. "पर मशीन? क्लासातली समदी जुनी, ह्या कामाला चालायची न्हाईत."

मी कोपऱ्याकडे बघितलं. तिथे टेबलावर प्लॅस्टिकच्या आवरणाखाली ठाण्याचा कॉम्प्युटर होता. सरकारने पाठवलेला. आला त्या दिवशी त्याला हार घातला होता. चालवायला कुणी शिकवलं नाही म्हणून हार सुकला तरी तो तसाच होता. मास्तरानेही तिकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"साहेब, सरकारी हाय तो."

"उचल," मी म्हणालो.

ही दुसरी गाळलेली गोष्ट. आजवर मी "कुठून तरी मशीन मिळवलं" असं सांगत आलो. ते ठाण्याचं होतं. ना नोंद, ना परवानगी. कुणी कळवलं असतं तर माझी नोकरी गेली असती. हवालदारांनी आवरण काढलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई. तारा धरायला मात्र येतो."

जवळच्या एका गॅरेजच्या शेडमध्ये आम्ही तिघांनी ती व्हॅन पुन्हा उभी केली. नवं खोकं द्राक्षाच्या पेट्यांच्या फळ्यांचं. ट्यूब तीच ठेवली. मास्तर म्हणाला, नाव दिसू दे, आता काय लपवायचं! मॉनिटर सुतळीने आणि बैलाच्या वेसणीच्या दोरीने आवळला. इन्व्हर्टर ठेचला गेला होता, तो मंडपवाल्याचा आणला. साडीचा पदर फाटला होता. हवालदारांनी घरून नवीन आणला, घरात काय सांगितलं ते त्यांनाच माहीत. मास्तराने प्रोग्राम बदलला आणि दारावरच्या घंटीचं एक बटण लांब वायरीने जोडलं. आता कॉम्प्युटर आपल्या मनाने घोडी ओळखणार नव्हता. घोडी निशाणातून गेली किंवा बाजूला फुटली की निशाणाशी उभ्या माणसाने बटण दाबायचं, त्यानंतर जो प्रकाश अडवील तो बैल.

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा मास्तर एवढ्या जोराने ओरडला की गॅरेजवाला पाना घेऊन धावत आला.

घाटावर मी कर्ण्यावरून सगळं सांगितलं: ट्यूब, घोडी, माझी चूक. पोलिसाला कर्ण्यावर चूक कबूल करताना लोकांनी पाहिलं नव्हतं; मागचे लोक पुढे सरकले. मग घोडी निशाणाच्या बाहेरून नेऊन, आतून नेऊन, दोन्ही रीतींनी करून दाखवलं. जुना हिशेब, नवा हिशेब. पहिलवान पडद्यासमोर वाकून बघत होता. कमिटीने त्याचा गाडा अंतिम फेरीत घेतला.

"बटण कुणी दाबायचं?" कमिटीने विचारलं. ह्या गावचा नको, त्या गावचा नको. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मास्तर बटण घेऊन आला. हळू आवाजात, हसत म्हणाला,

"उजव्या हातानंच दाबा, साहेब. जोर म्हाईत हाय मला त्याचा."

मी उजव्या हातात बटण घेतलं.

गाडे सुटत गेले. पहिलवानाची बारी आली तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गाडा असा आला की धुळीत फक्त शिंगं दिसत होती. आणि ऐन निशाणापाशी घोडी पुन्हा फुटली! मी दाबलं. मागोमाग बैल निशाणातून गेले. वेळ लागला तो तोपर्यंतचा सगळ्यांत कमी. पोरं टोप्या उडवायला लागली.

मग बागाईतदाराचा गाडा सुटला. त्याची घोडी सरळ गेली, मी दाबलं, बैल गेले. मास्तराने पडदा वाचला, पुन्हा वाचला, आणि कर्ण्यावर आकडा सांगितला. बागाईतदार थोडक्यात पुढे.

सगळे पहिलवानाकडे बघत होते. माझे शिपाई काठ्या सावरून उभे. पहिलवान चालत माझ्याकडे आला.

"साहेब, घोडी फुटली तवाच दाबलंत?"

"तेव्हाच."

"नक्की?"

"नक्की."

त्याने माझ्याकडे पुरतं बघून घेतलं. "मग बरोबर हाय. आज त्याचं बैल चांगलं पळालं." त्याने भंडाऱ्याची थैली उघडली, मूठ भरली आणि बागाईतदाराच्या बैलांवर उधळली. दुसरी मूठ मास्तरावर, तिसरी उघड्या दारातून थेट कॉम्प्युटरवर. "आन् त्या ट्यूबचा फोन मीच केला व्हता, आमच्या पोरांनी तुला ती नेताना बघितलं व्हतं," तो मास्तराला म्हणाला. "काचा मी भरून देतो. तुला मातुर आमच्या गावच्या यात्रंला यावं लागंल."

मग जो गलका उठला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. दोन्ही गावांनी व्हॅन ढकलत घाटाच्या माथ्यावर नेली. मास्तर टपावर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. हवालदार नाचत होते. ट्रॉल्यांतल्या काठ्या गवताखाली तशाच राहिल्या. तक्रार पहिलवानाने लेखी मागे घेतली.

संध्याकाळी कॉम्प्युटर पुसून जागेवर ठेवला, वर आवरण घातलं. काही महिन्यांनी वरिष्ठ तपासणीला आले, त्यांनी तो सुरू करायला सांगितला. पंखा फिरला आणि मागच्या फटीतून भंडाऱ्याची पिवळी धूळ टेबलभर उडाली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

हवालदार पटकन म्हणाले, "पूजा केली व्हती, साहेब."

पुराव्याशिवाय बोलू नये, हे मी प्रशिक्षणातच शिकलो होतो. या केसने शिकवलं ते एवढंच, की माणूस एका गोष्टीत खोटा सापडला म्हणून सगळ्याच गोष्टींत खोटा नसतो. मास्तर ट्यूबबद्दल खोटं बोलला आणि बाकी सगळं खरं. मी एक खोटं पकडलं आणि हात उचलला.

मागच्या यात्रेला गेलो होतो. मास्तराचे केस पांढरे झालेत, शर्ट अजून फुलाफुलांचेच. मी त्याला बाजूला घेऊन, इतक्या वर्षांनी, त्या थपडेबद्दल माफी मागितली. तो खळखळून हसला. मग खिशातून घंटीचं बटण काढून त्याने माझ्या उजव्या हातात ठेवलं.

"बारी सुटायला आली, साहेब. घोडीवर लक्ष ठेवा."