पहिली फेरी

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः जिने चढतो, आता बोला! पण पाना चढायचा. हातात कायम पाना, म्हणून नावही पाना. खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं होतं तेवढंच. खांद्याला हत्यारांची जड पेटी अडकवून स्वारी नवव्या मजल्यावर निघायची. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "पोट सुटलंय हो, चाललं पाहिजे." पोट बिचारं केव्हाच पाठीला लागलं होतं.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. पाना आणि त्याचा जोडीदार दाढी केबिनच्या टपावर उभे राहून काम करत होते. दोर सटकला आणि केबिन दोघांना घेऊन तीन मजले खाली गेली. केबिनच्या तळाशी असलेल्या सेफ्टी जबड्यांनी बाजूचे रूळ पकडले तेव्हा कुठे थांबली. दाढीचा गुडघा लोखंडावर आपटून चुरा झाला. पानाला साधं खरचटलंही नाही. पुढचे दोन तास दोघं अंधारात. तासभर दाढी कण्हत होता, मग गप्प झाला. शुद्ध हरपली होती त्याची, पण मित्र गेला असंच पाना धरून चालला.

दाढी वाचला. काठी घेऊन हिंडायला लागला, गोदामात सुटे भाग सांभाळायला लागला, पूर्वीसारखा खिदळायला लागला. आणि धडधाकट पानाचंच बिनसलं. हाताला ग्रीसचा वास आला की ताट तसंच सरकवायचा. झोपेत तेच कण्हणं. एकदा स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि हा गडी थेट टेबलाखाली! बायको आधी हसली. मग तो बाहेरच येईना, तेव्हा तिचं हसू थांबलं.

"अहो, डॉक्टरांना दाखवू या का?"

"मी काय वेडा आहे?" तो असा खेकसला की तिने आठ दिवस विषय काढला नाही.

या धंद्यात एक रीत आहे. ज्याने दुरुस्ती केली, पहिली फेरी त्याची. आधी त्याने एकट्याने बसून वर-खाली जायचं, मग लिफ्टजवळच्या वहीत सही करायची, आणि मगच लोकांनी चढायचं. ही रीत पाना इतकी कडक पाळायचा की बाकीचे त्याची चेष्टा करायचे. आता तोच पाना रिकामी केबिन दोनदा वर-खाली पाठवायचा, मशीनच्या खोलीत कान देऊन उभा राहायचा आणि सही ठोकून मोकळा व्हायचा. काम चोख, सही खोटी.

तशीच एक सही त्याने दाढीच्या बिल्डिंगमध्ये केली. दाढी आठव्या मजल्यावर राहायचा. दुसऱ्या दिवशी गोदामात त्याने पानाच्या पाठीत धपाटा घातला.

"काल वहीत तुझी सही दिसली आणि डोळे मिटून चढलो बघ! दुसऱ्या कुणाची असती तर पाऊल नसतं टाकलं."

पानाने हातातलं काम तसंच टाकलं. घरी येऊन तो बायकोला एवढंच म्हणाला, "त्या डॉक्टरांची वेळ घे."

मानसोपचाराच्या डॉक्टरबाई पाचव्या मजल्यावर बसायच्या. बायको लिफ्टने गेली, पाना जिन्याने. धापा टाकत तो खुर्चीत टेकला तेव्हा बाईंनी विचारलं, "लिफ्ट बंद पडली का?"

"छे! एकदम झकास चालू आहे. मीच बघतो ती."

बाईंना हसू आवरेना. मग पानालाही. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी कधी आलं, कळलंच नाही, आणि सगळं भडाभडा बाहेर पडलं.

"याला पीटीएसडी म्हणतात," बाई म्हणाल्या. "मोठा आघात झाला की कधी कधी मेंदू तिथेच अडकतो. धोका टळला तरी त्याला तो समोर दिसतो. हा आजार आहे. भित्रेपणा नाही, वेड तर नाहीच नाही. आणि यावर उपचार आहेत."

"पण लागलं दाढीला. मला काय झालंय?"

"तुम्ही दोन तास तिथे होता. तेवढं पुरतं." मग त्यांनी विचारलं, "मला सांगा, ते जबडे नंतर सुटतात कसे?"

धंद्याची गोष्ट निघाल्यावर पाना खुलला. "आपोआप नाही सुटत बाई. केबिन हळूच वर उचलावी लागते. घाई केली तर रूळ खरवडतात." बोलता बोलता तो थबकला. "म्हणजे माझे जबडे अजून..."

"तसंच समजा. त्यांनी तुम्हाला सांभाळलं. आता सोडवू या, हळूच."

रोज एक गोळी, आठवड्याला एक भेट. तीन आठवड्यांनी पाना कुरकुरला की काही फरक नाही. "गोळी मुरायला वेळ लागतो, मनाने बंद करायची नाही," बाईंनी दटावलं. भेटीत तो प्रसंग पहिल्यापासून सांगायचा. पहिल्यांदा सांगताना शर्ट घामाने भिजला. सहाव्यांदा सांगताना त्याला अचानक आठवलं की त्या दोन तासांत आपण दाढीचा हात एकदाही सोडला नव्हता. तिथेच तो ढसाढसा रडला, आणि घरी जाऊन दोन वेळचं एकदम जेवला.

मग घरचा अभ्यास. उघड्या लिफ्टसमोर नुसतं उभं राहायचं. मग आत, दार उघडं ठेवून. मग बायकोला घेऊन एकच मजला.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा फिरायला आणलंत, तेही लिफ्टमध्ये!" बायको म्हणाली. पानाने तिचा हात घट्ट धरला होता, तरी हसला.

चार महिन्यांनी दाढीच्या बिल्डिंगमधली लिफ्ट पुन्हा दुरुस्तीला आली. काम झाल्यावर पाना एकटा आत शिरला. ठरवून आला होता, आठव्या मजल्यावर जायचं आणि दाढीला खरं काय ते सांगून टाकायचं. बाहेर पळावंसं वाटत होतं, पण तो आतच राहिला. प्रत्येक मजल्यावर तो थांबत होता. पाचव्या मजल्यावर दार उघडलं, तर समोर जिन्याच्या पायरीवर दाढी! काठी बाजूला, दोन्ही हातांनी गुडघा चोळत बसलेला.

"तू इथे काय करतोयस?"

दाढी चपापला. "व्यायाम."

"पोट सुटलंय वाटतं," पाना म्हणाला.

दाढीने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "त्या दिवसापासून मी एकदाही लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही रे. तुझी सही बघूनसुद्धा नाही. तुला बरं वाटावं म्हणून तसं बोललो."

पाना लिफ्ट बंद करून त्याच्या शेजारी पायरीवर बसला. "ती सही खोटी होती. मी बसलोच नव्हतो. आज बसलो."

दोघं असे हसत सुटले की समोरच्या घरातल्या एका बाईंनी दार उघडून बघितलं.

दाढीने डोळे पुसले. "कसं जमवलंस?"

"एक डॉक्टरबाई आहेत. त्यांचा दवाखानाही पाचव्या मजल्यावर."

दाढीचा चेहरा पडला. "जिना आहे ना तिथे?"

"आहे की. चांगला रुंद आहे. दोघं शेजारी शेजारी चढू."

त्याने दाढीला हात देऊन उठवलं आणि तीन मजले चढवून घरी पोचवलं. मग पाचव्या मजल्यावर परत येऊन उरलेली फेरी पुरी केली आणि वही उघडून सही केली.