टेस्टरमामा आणि न जळालेलं बोर्ड

"मशीन खराब झालं," असं कुणी म्हटलं की टेस्टरमामा मशीनकडे बघायच्या आधी बोलणाऱ्याकडे बघायचे. "खराब झालं हे तुझं मत झालं. दिसलं काय, ते सांग." मग आम्ही गोंधळायचो, कारण बहुतेक वेळा आम्ही नीट काही पाहिलेलंच नसायचं.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात ते संगणक प्रयोगशाळेचे परिचर होते. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर, म्हणून हे नाव. गाव जाफराबादकडचं, शिक्षण दहावी, आणि आधी काही वर्षं एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये वायरमनच्या हाताखाली काम. कॉलेजात त्यांच्या नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नव्याने निघायची. त्या वर्षी मात्र ते कायम होणार, असं ऑफिसातले लोकच सांगत होते.

मी पिंपळगाव रेणुकाईची, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. सुरुवातीला मी माउसला हातसुद्धा लावायची नाही. मामा म्हणायचे, "भिऊन राह्यली कशाला? घरी म्हशीची धार काढती ना? ती लाथ तरी मारती, हे काय करणार?" शहरातली मुलं हसली की त्यांच्याकडे वळायचे. "तुम्ही हसा. तुम्हाला धार बी येत न्हाई अन् प्रिंटर बी."

शेवटच्या वर्षी माझ्या प्रोजेक्टसाठी विभागाने एक छोटा राउटर संगणक घेतला, इंटरनेट बाकीच्या संगणकांना वाटून देणारा. जेवणाच्या डब्याएवढा, ना पडदा, ना कीबोर्ड. मागच्या सिरियल पोर्टला वायर लावायची आणि दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर त्याचं बोलणं वाचायचं. ती वायर मामांनीच सोल्डर करून दिली. "याच्या बोलायच्या तारेला आपली ऐकायची तार जोडायची," ते म्हणाले. "दोघं बी एकाच तारेवर बोलले तर ऐकणार कोण? स्टाफ मीटिंग होती मंग."

पहिल्या दिवशी आठ ओळी स्वच्छ उमटल्या आणि मग नुसता कचरा: उलटी प्रश्नचिन्हं, चौकोन, काहीही. विभागप्रमुख सर पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "आतलं सर्किट बोर्ड जळालं. झाकण कुणी उघडलं होतं?" झाकण मामांनी उघडलं होतं. आतलं मेमरी कार्ड बसवायला सरांनीच सांगितलं होतं, माझ्यासमोर.

सर गेल्यावर मामांनी मला तो डबा दहा वेळा बंद-चालू करायला लावला. "कितव्या ओळीला बिघडलं?" आठव्यानंतर. "आता?" आठव्यानंतर. दहाही वेळा तेच. मामा म्हणाले, "जळालेली वस्तू अशी ओळी मोजून बिघडत न्हाई. आठव्या ओळीनंतर बोलणारा बदलून राह्यला. पहिला जल्दी बोलतो, दुसरा सावकाश. तू आपल्याकडचा वेग बदल."

मी एकोणीस हजार दोनशेचा वेग काढून नऊ हजार सहाशे केला. आता पहिल्या आठ ओळी कचरा झाल्या आणि पुढचं सगळं स्वच्छ आलं. शेवटी तो डबा लॉगिनसाठी माझं नाव विचारत थांबला. मशीन सुरू करणाऱ्या भागाचा वेग एक होता आणि कार्डावरच्या प्रणालीचा दुसरा, एवढीच ती भानगड. एका फाइलमध्ये एक आकडा बदलला आणि दोन्ही भाग एकाच वेगाने बोलू लागले.

मी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, "ठीक आहे." पण त्यांचं पत्र तोवर प्राचार्यांकडे गेलं होतं: परिचराने परवानगीशिवाय झाकण उघडल्याने बोर्ड जळाले. मला वाटलं, आता दुसरं पत्र जाईल. गेलं नाही. आपलं चुकलं अशी एक ओळ लिहिण्यापेक्षा एका माणसाची नोकरी जाणं सरांना सोपं वाटलं. पुढच्या आठवड्यात पाहणी करायला समिती आली, तेव्हा तोच डबा दाखवून सर म्हणाले, "हे आमच्या विभागाने सुरू केलं."

प्राचार्यांनी मला बोलावलं होतं. "झाकण परिचरानेच उघडलं ना?" मी म्हटलं, "हो, पण..." ते म्हणाले, "तुझी तोंडी परीक्षा विभागप्रमुखांकडेच आहे ना?" माझा 'पण' तिथेच राहिला. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याचा संताप येतो.

जूनमध्ये मामांची ऑर्डर निघाली नाही. ते पुन्हा मिलमध्ये लागले. निकालानंतर मी एमआयडीसीत जाऊन त्यांना गेटवर गाठलं. म्हटलं, "मामा, मी बोलले नाही."

"माहीत आहे मला. पास झाली का?"

"झाले."

"मंग आता बोल. आता तुझं काय बिघडवणार ते?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. त्याच दिवशी मी दोन पानी अर्ज लिहिला, काय दिसलं ते क्रमाने, आणि ऑफिसात दिला. कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, "कशाला जुनं उकरता ताई? ती फाइल बंद झाली." उत्तर कधीच आलं नाही.

दोन वर्षांनी गुणपत्रिकेसाठी त्याच ऑफिसात गेले. फायलींच्या कपाटावर तो डबा ठेवला होता, आणि सगळ्या कॉलेजचं इंटरनेट त्याच्यातूनच चालत होतं. खालच्या खणात कुठेतरी, बोर्ड टेस्टरमामांच्या हातून जळालं असं सही-शिक्क्यानिशी लिहून ठेवलेलं होतं.