खापरसरांचं शिफारसपत्र

खापरसर रस्त्यावरून चालताना समोर कधी बघत नसत. नजर पायापुढच्या चार हात जमिनीवर. सगळं आयुष्य उत्खननात आणि शेतं तुडवण्यात गेलेलं, त्यामुळे मातीच्या भांड्याचा तुकडा, म्हणजे खापर, दिसलं की त्यांचा हात आपोआप खाली जायचा. एकदा मंडईत ते असे वाकले तेव्हा मी बरोबर होते. भाजीवाल्या मावशी ओरडल्या, "अहो काका, पडलेलं कशाला उचलताय? पाटीतलं ताजं देते की!"

सरांनी तुकडा बोटांत फिरवला. "भाजी नाही हो. कुंडी आहे. मागच्या वर्षीची असेल."

"मग ठेवा ती खाली. गिऱ्हाइकाच्या वाटेत उभे आहात."

सरांनी मुकाट्याने ठेवली. जिथून उचलली होती तिथेच आणि होती तशीच पालथी.

आमच्या पुरातत्त्व संस्थेत त्यांना 'खापरसर' हे नाव कोणी दिलं, माहीत नाही. त्यांना ते ठाऊक होतं आणि चालत होतं. मूळचे अकोल्याकडचे. पुण्यात राहून भाषा पुण्याची झाली होती, एक शब्द सोडून. कारण विचारताना 'का' न म्हणता ते 'काऊन' म्हणत, आणि दिवसातून पन्नास वेळा म्हणत. "सर, इथे वस्ती असावी." "काऊन?" "सर, उद्या रजा हवी होती." "काऊन?" दोन्हींना सारखाच पुरावा लागे. कौतुक करणं त्यांना जमत नसे. काम बरं झालं असेल तर ते पुढचं काम देत. आम्ही त्यावरून काय ते समजून घ्यायचो.

मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले त्या वर्षी नदीकाठच्या एका गावाची पाहणी चालू होती. एकेक शेत चालत ओलांडायचं, जमिनीवर जुनं काही दिसतं का ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं. एका शेतात ऊस उभा होता. मी बांधावरून नजर टाकली, 'अवशेष नाहीत' लिहिलं आणि पुढे गेले. संध्याकाळी सरांनी तक्ता पाहिला.

"जगताप, उसात शिरला होतात?"

"नाही सर. फार दाट होता."

"मग हे तुम्हाला उसानं सांगितलं का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत. "बघून दिसलं नाही, ही एक गोष्ट. बघितलंच नाही, ही दुसरी. इथे 'पाहिलं नाही' लिहा आणि तोड झाली की परत या."

तोड झाल्यावर मी एसटीने एकटी परत गेले. शेतभर खापरं पसरलेली होती आणि एका कडेला भाजलेल्या मातीचा पट्टा होता, चुलीचा असतो तसा. पुण्यात येऊन धापा टाकत सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. आता शेजारचं शेत करा."

पुढे सर निवृत्त झाले. मी कंत्राटावर राहिले, आणि दोन वर्षांपूर्वी तेही संपलं. मी एक्कावन्न वर्षांची, नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, घर माझ्या पगारावर चाललेलं. त्याच सुमारास एका पर्यावरण सल्लागार कंपनीची जाहिरात आली. रस्ता, धरण किंवा कारखाना होण्याआधी त्या जमिनीत जुनं काही आहे का ते पाहून अहवाल द्यायचा. वरिष्ठ पुरातत्त्वज्ञाची एकच जागा होती आणि अर्ज करणारे बहुतेक माझ्याहून तरुण. सोबत जुन्या वरिष्ठांचं शिफारसपत्र हवं होतं. मी धायरीला सरांच्या फ्लॅटवर गेले.

त्यांनी भिंग लावून जाहिरात दोनदा वाचली. "काऊन हवी ही नोकरी?"

"पगारासाठी, सर."

"ठीक. हे पटलं."

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी अर्धा तास लिहिलं आणि पाकीट उघडंच हातात दिलं. "वाचून घ्या. माणसाच्या पाठीमागे लिहायची मला सवय नाही."

बसथांब्यावर उभी राहून मी वाचलं. माझ्या कामाबद्दल चांगला असा एकही शब्द नव्हता. होता तो ऊस. 'जगताप यांनी पहिल्याच वर्षी एक शेत न पाहता अवशेष नाहीत अशी नोंद केली. तोडीनंतर त्या परत गेल्या व नोंद दुरुस्त केली. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक तक्ता मी संशयाने तपासला. न पाहिलेली जागा त्यांनी पाहिली म्हणून पुन्हा कधी लिहिलेली नाही.' खाली सही.

मी तिथूनच फोन लावला. "सर, उसाचं तेवढं काढता येईल का?"

"येईल. मग सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या."

दोन दिवस पत्र टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी मुदत संपत होती, म्हणून जोडलं. त्यात मोठेपणा काही नव्हता.

मुलाखतीत कंपनीचे मालक, मूळचे इंजिनिअर, ते पत्र हातात घेऊनच बसले होते. "मॅडम, आमचे क्लायंट घाईत असतात. ऊस उभा असला तर काय कराल?"

"पाहिलं नाही असं लिहीन. तोडीनंतर पुन्हा जाईन."

"आणि क्लायंट थांबायला तयार नसेल तर?"

"काम सुरू झाल्यावर जमिनीतून जुनी भिंत निघाली तर तेव्हा थांबावंच लागेल. आधी थांबलेलं स्वस्त पडतं."

ते हसले. आठवड्याने मला नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अहवाल झाला की आणा."

पहिला मोठा अहवाल घेऊन गेले तोवर साखरेच्या आजाराने त्यांची नजर पार गेली होती. "वाचा," म्हणाले. मी सोफ्यावर बसून वाचत राहिले, सरांच्या पत्नी, आमच्या काकू, अधूनमधून चहा आणून ठेवत होत्या. बऱ्याच पानांनंतर सरांनी हात वर केला. "हे ओढ्यापलीकडचं शेत कोणी पाहिलं?"

"माझ्या सहकाऱ्याने. अनुभवी आहे, सर."

"तुम्ही गेलात?"

"नाही. आता पन्नास शेतं असतात, सगळीकडे मी कशी जाणार?"

"तसं लिहिलंय का कुठे? की सगळं तुमच्या सहीखाली?"

मला रागच आला. सोमवारी अहवाल द्यायचा होता आणि मध्ये एक रविवार होता. रविवारी सकाळी गाडी काढली, ओढा ओलांडला, चार तास उन्हात ते शेत एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत चालले. मग प्रत्येक शेतापुढे ते कोणी पाहिलं त्याचं नाव घातलं आणि अहवाल दिला.

धायरीला लगेच जायला जमलं नाही, फोनही राहून गेला. त्याच आठवड्यात शुक्रवारी सर गेले, झोपेतच. मला निरोप मिळाला तेव्हा मी दुसऱ्या साइटवर होते. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

चार दिवसांनी काकूंना भेटायला गेले. त्यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस सारखे विचारत होते, जगतापचा फोन आला का म्हणून. काय निघालं गं त्या शेतात?"

"काही नाही, काकू. रविवारी चार तास उन्हात फिरले, खरंच काही नव्हतं."

"मग एवढ्या उन्हात गेलीस कशाला?"

"सरांनी विचारलं होतं," मी म्हणाले.